चिंगीचं खोबरं आणि गप्प पिकप

ऐका हं. गोष्ट अगदी खरी आहे. मी थोडीशीच वाढवली आहे.

अनसूयाकाकीने नवी पिकप घेतली. लाल लाल पिकप. बुटकी, पण ऐटबाज! पुढे काकी बसणार, मागे हौद्यात भोपळे बसणार. पिकपला पेट्रोल लागतं, आणि तिच्या पोटात मोठ्ठी बॅटरीसुद्धा आहे. बॅटरीवर असली की पिकप गप्प.

"चालू आहे का गं?" काकांनी विचारलं.

"चालू आहे!"

"मग बोलत का नाही?"

काकीने पिकपची पूजा केली. नारळ फोडला. खट्ट! एक तुकडा उडाला. टण् टण् टण्! चाक आणि दगड यांच्या मध्ये जाऊन बसला. गच्च!

चिंगी चिचुंद्री धावत आली. तुरुतुरु, तुरुतुरु. खाली पडलेलं खोबरं चिंगीचं, हे सगळ्या गावाला ठाऊक. तिने खोबरं ओढलं. हूं... हूं... निघेना!

"पिकपताई, पिकपताई,
माझं खोबरं चाकाशी अडकलं.
तू मागे सरक ना!"

पिकप म्हणाली, "मी नाही बाई! काकी आत बसेल, तेव्हा मी सरकेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिंगी गेली काकीकडे.

"काकी, काकी,
माझं खोबरं चाकाशी अडकलं.
पिकपताई मागे सरकत नाही.
तू आत बस ना!"

काकी म्हणाली, "कुठे बसू? बोक्याच्या डोक्यावर? सीटवर तो पसरलाय. बोका उठेल, तेव्हा मी बसेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिंगी गेली बोक्याकडे. जरा लांबूनच बोलली हं!

"बोकोबा, बोकोबा,
माझं खोबरं चाकाशी अडकलं.
पिकपताई मागे सरकत नाही.
काकी आत बसत नाही.
तू सीटवरून ऊठ ना!"

बोका म्हणाला, "म्यांव! उठून जाऊ कुठे? बॉनेट गारढोण. इंजिन जागं होईल, बॉनेट तापेल, तेव्हा मी उठेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिंगी गेली इंजिनाकडे.

"इंजिनदादा, इंजिनदादा,
माझं खोबरं चाकाशी अडकलं.
पिकपताई मागे सरकत नाही.
काकी आत बसत नाही.
बोकोबा सीटवरून उठत नाही.
तू जागा हो ना!"

"घोर्र... कोण ते?" इंजिन म्हणालं. "बॅटरी काम करतेय ना? झोपू दे की! बॅटरी दमेल, तेव्हा मी जागा होईन."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिंगी गेली बॅटरीकडे.

"बॅटरीमावशी, बॅटरीमावशी,
माझं खोबरं चाकाशी अडकलं.
पिकपताई मागे सरकत नाही.
काकी आत बसत नाही.
बोकोबा सीटवरून उठत नाही.
इंजिनदादा जागा होत नाही.
तू दम ना!"

बॅटरी म्हणाली, "मी? आणि दमू? उगाच? काका हौद्यातल्या प्लगला मिक्सर लावतील, तेव्हा मी दमेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिंगी गेली काकांकडे. काका हौद्यात बसले होते. मांडीवर मिक्सरचं भांडं.

"काका, काका,
माझं खोबरं चाकाशी अडकलं.
पिकपताई मागे सरकत नाही.
काकी आत बसत नाही.
बोकोबा सीटवरून उठत नाही.
इंजिनदादा जागा होत नाही.
बॅटरीमावशी दमत नाही.
तुम्ही मिक्सर लावा ना!"

काका म्हणाले, "लावतो की! चटणीच करायची आहे. पण खोबरं कुठाय? खोबरं येईल, तेव्हा मी लावेन."

खोबरं? खोबरं तर चाकाशी! चिंगी मटकन खाली बसली. रडायला तोंड उघडलं... आणि नाक हललं.

हुंग हुंग. काकांच्या पायाशी.
हुंग हुंग. काकांच्या गुडघ्यावर.
हुंग हुंग हुंग. काकांच्या खिशात!

"काका, खिशात काय आहे?"

"कु... कुठे काय?" काका म्हणाले. पण तोंड भरलेलं होतं.

"अहो!" काकी ओरडली. "नैवेद्याआधी?"

काकांनी खिशातून खोबरं काढलं. अर्ध्या नारळाचं! एका बाजूने कुरतडलेलं.

"उंदराने खाल्लं असेल," काका म्हणाले.

"हो का?" काकी म्हणाली. "मग मिशीला काय लागलंय?"

मग काय!

काकांनी मिक्सर लावला. घर्रर्रर्र!
बॅटरीमावशी दमली. हुश्श!
इंजिनदादा जागा झाला. घुर्र घुर्र!
बॉनेट तापलं. बोकोबा उठला. बॉनेटवर धप्प!
काकी आत बसली. दार लावलं. फट्!
पिकपताई मागे सरकली. बोक्यासकट, एक वीत.
खोबरं सुटलं. टुण्!

चिंगीने ते उचललं आणि खाल्लं. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम.

काका वाकून म्हणाले, "चिंगे, मला थोडं देतेस?"

चिंगी म्हणाली, "काका, आधी खिसे उलटे करा!"