न निघालेल्या नारूचं सूप

फार फार पूर्वी, हिंगणसावळी गावाला पाणी पाजणारी एकच बारव होती, तेव्हाची ही गोष्ट. माणसं पायऱ्या उतरून थेट पाण्यात शिरत आणि घागरी बुडवत. आणि दरसाल ऐन पेरणीत गावाच्या पायांतून नारू निघत. नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांबलचक किडा. तो कातडी फोडून बाहेर येई आणि माणूस खाटेला खिळे.

तो काढावा ठकूआत्यानंच. टोक काडीला गुंडाळायचं, रोज थोडं फिरवायचं, तुटू द्यायचं नाही. तिचा हात लागला की नारू आपणहून चालत बाहेर येई, असं म्हणतात. बरा झालेला माणूस सुगीला खळ्यावर तिला सूपभर जोंधळा देई. गाव जितकं लंगडं, तितकी आत्याची कणगी भरलेली.

पण एक गोष्ट आत्याच्या मनाला टोचत होती. टेकडीवरचे धनगर झऱ्याचं पाणी पीत. त्यांच्यात कुणी लंगडत नसे. गावात मात्र नारूनं पाय पेटला की माणूस तो गार करायला बारवेतच बुडवून बसे, आणि तेच पाणी गाव पिई.

एके दिवशी तिनं काडी बाजूला ठेवली आणि बारवेच्या पायरीवर ठाण मांडलं.

"पाय वर! घागर दोरानं ओढ. घरी जाऊन फडक्यानं गाळ."

"आत्या, बारव काय तुला आंदण मिळालीय?" बाया फणकारत.

"मिळालीय. तू पाय काढ आधी."

त्यानंतरच्या पेरणीला गावात एकही नारू निघाला नाही. गावानं देवाला नारळ फोडला. सुगीला आत्या खळ्यावर गेली.

"कशाचं सूप?" रावजी पाटलानं विचारलं.

"न निघालेल्या नारूचं."

सगळं खळं हसलं. "मग न चावलेल्या विंचवाचंही घेऊन जा की, आत्या!"

तिनं रिकामं सूप काखेत मारलं. कणगीचा तळ दिसला, तशी ती बहिणीच्या गावी निघून गेली. बारवेवर दटावणारं कुणी उरलं नाही. बाजाराच्या वाटेनं आलेल्या एका लंगड्या वाटसरूनं ठणकता पाय पाण्यात सोडला, आणि गाव ते पाणी प्यालं.

पुढच्या मृगाच्या तोंडावर घरोघरी नारू उठले. बैल उभे, माणसं आडवी. पाटलानं घाईघाईनं स्वतःचा नारू ओढला; तो आतच तुटला आणि पाय मांडीपर्यंत सुजला. बियाण्याची पोती गाडीत तशीच पडून होती. त्यांच्यावर आडवा होऊन तो आत्याच्या बहिणीच्या दारी गेला.

"चल आत्या. काढशील तितक्या नारूंची सुपं देतो."

"काढल्याचं नकोच. पुढच्या साली निघणार नाहीत, त्यांचं आत्ता दे."

पाटलानं पोतं सोडलं आणि बियाण्याच्या जोंधळ्यानं तिचं सूप भरलं.

गावात आल्यावर आत्यानं पाटलाच्या पायाकडे पाहिलं नाही. ती आधी बारव उतरली आणि शेवटच्या कोरड्या पायरीवर बसली. तेव्हा पाणी तिच्यासमोरून एक पायरी मागं सरलं, असं म्हणतात. पुढं ती गेल्यावरही कितीही पूर आले, तरी पाणी त्या पायरीवर चढलं नाही, असंही म्हणतात. मगच तिनं काडी हातात घेतली.

आता हिंगणसावळीत नळ आहेत. नारू कुणी पाहिलेला नाही. तरी बारवेत कुणी पाय घालत नाही, आणि सुगीचं पहिलं सूप गावाची टाकी घासणाऱ्या माणसाचं असतं. तो खळ्यावर येतो.

"कशाचं?" घरधनी रीतीप्रमाणे विचारतो.

"न निघालेल्याचं."

आणि कुणी हसत नाही.