उरेनाईचा दोर

दोराला हात लावण्याआधी हातमोजे नीट चढवा, आणि तो फोन खिशात ठेवा. इथून पुढे गाडी जात नाही. या फरच्या झाडापासून खाली दिसतं त्या पहिल्या घरापर्यंत खांबाखांबाला बांधत नेलेला हा दोर आहे, तो धरूनच आमच्या उरेनाई गावात उतरायचं. झाडाला घंट्या टांगल्या आहेत, त्यातली एकेक घ्या. का, ते सांगते. लक्ष देऊन ऐका, मी एकदाच सांगते.

होक्काइदोत रस्ते नव्हते तेव्हाची ही गोष्ट. दूर दक्षिणेकडच्या तोयामाचा एक औषधवाला, योसोजी त्याचं नाव, पाठीवर पेटी बांधून साऱ्या बेटाला फेरी घालायचा. वसंतात हेरिंग मासळी किनाऱ्याला लागली की तो यायचा, उन्हाळ्यात समुद्रशेवाळ वाळत घातलेलं असताना यायचा, आणि सामन मासे नदीत चढू लागले की पुन्हा. घरोघरच्या औषधाच्या डब्यात जे संपलं असेल ते भरायचा, पोरांना कागदी फुगा द्यायचा. त्याच्या कमरेला घंटा असे. बर्फ पडायच्या आत तो दक्षिणेला निघून जाई. हिवाळ्यात या बाजूला कोणी शहाणा माणूस येत नाही. तुम्ही आलात, ती गोष्ट वेगळी.

एका शरदात त्याच्या पाठोपाठ गावात ताप आला. तो आधी ज्या गावात मुक्कामाला होता तिथेही ताप होता, हे मागाहून कळलं. या खिंडीखालच्या, दोर संपतो त्या पहिल्या घरात तामी नावाची विधवा राहायची. तिचा मोठा मुलगा त्या तापात गेला. मागे राहिली धाकटी किनु. हा माणूस औषध नव्हे, मरण वाटत फिरतो, असं तामीने सगळ्यांदेखत सांगितलं. गावाला ते पटलं. खोटं कशाला बोलू, मलाही पटलं असतं.

भर हिवाळ्यात शेजारच्या गावचा एक कोळी बातमी घेऊन आला, की योसोजी डोंगरावरून परत येतोय. तोवर गावात आणखी माणसं तापाने पडली होती, त्यात किनुही होती. त्याला गावात घ्यायचं नाही, असं लोकांनी ठरवलं. दोर तेव्हाही होता, हिमवादळात लाकूडतोड्यांना घर सापडावं म्हणून. त्याची निगा तामीकडे. त्या दुपारी ती इथे वर आली, या झाडापासून आपल्या दारापर्यंतचा सगळा दोर तिने सोडला आणि गुंडाळून घरात नेला. तिला तसं कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणी अडवलंही नाही.

संध्याकाळी वादळ उठलं. तामीला घंटा ऐकू आली, म्हणे. आधी वरून, मग घराच्या डावीकडून, मग मागच्या शेतातून. माणूस घराभोवतीच फिरत होता, पण बर्फाच्या माऱ्यात त्याला घर दिसत नव्हतं. तापाने फणफणलेली किनु म्हणाली, "आई, फुगेवाले काका आलेत. दार उघड." तामी दाराला पाठ लावून बसून राहिली. पुढे घंटा थांबली. किनुही त्याच आठवड्यात गेली.

बर्फ वितळल्यावर योसोजी मागच्या शेतात सापडला, हाक मारली तर ऐकू येईल इतक्या जवळ. अंगातला कोट काढून त्याने पेटीला गुंडाळला होता. पेटीचे सगळे कप्पे एकाच औषधाने भरलेले होते, तापाच्या. वर घडी घातलेला एक कागदी फुगा. त्या औषधाने किनु वाचली असती का, ते कोणी सांगू शकत नाही. तामीने कधी कोणाला विचारलंही नाही, असं सांगतात.

पुढच्या शरदात गाव जमलं. लोकांना स्वतःची लाज वाटत होती. दोर परत बांधू, पण या वेळी कोणा मायाळू माणसाच्या हाती देऊ, असं म्हातारे म्हणाले. तेव्हा तामी उठली.

"मायाळू माणूस गाढ झोपतो," ती म्हणाली. "माझी किनु सोडली, तर ती घंटा साऱ्या गावात मला एकटीलाच ऐकू आली. का, तर तो येतो की काय, इकडेच माझे कान लागले होते. ज्याला कोणी यायला नको आहे, त्याच्याकडे दोर द्या. चाहूल आधी त्यालाच लागते."

मरेपर्यंत दोर तिनेच सांभाळला. वादळात अडकलेली कितीतरी माणसं तिने खाली आणली, आणि त्यातल्या एकाशीही ती गोड बोलली नाही, म्हणे.

आजही शेतातले बटाटे काढून झाले की गाव जमतं आणि एकच प्रश्न विचारला जातो: या हिवाळ्यात इथे कोणी येऊ नये, असं कोणाला वाटतं? जो हात वर करेल, दोर त्याचा.

गेली काही वर्षं माझाच हात वर असतो. उन्हाळ्यात तुमच्यासारखेच लोक फोटो काढायला माझ्या शेतात शिरले. त्यांच्या बुटांच्या मातीतून बटाट्याला कीड लागली, आणि सासऱ्यांनी जंगल तोडून केलेलं ते शेत मला पडीक टाकावं लागलं. तुमच्याबद्दल माझ्या मनात काही चांगलं नाही. माझ्या तोंडावर ते दिसतच असेल.

वारा फिरलाय. मी पुढे होते. दोर धरून चाला, आपसात बोलू नका. हात सुटला आणि घर दिसेनासं झालं, तर शोधत फिरू नका. जागेवर उभे राहा आणि घंटा वाजवा. मला ऐकू येईल.