सुबरावचं गोदामाचं सर्टिफिकेट

एका गावात एक भोळा सुबराव राहत होता. भोळा हा त्याच्या आईचा शब्द. गावाचा शब्द वेगळा होता, तो इथं लिहिण्यासारखा नाही.

सुबरावचं लग्न काही जमेना. शेवटी शेजारच्या गावचे येसबा म्हणाले, "पोरगी देतो. पण आधी गोदामाच्या कामाचं सर्टिफिकेट आण. कारखान्यात चिकटलास की कस्तुरा तुझी."

कस्तुरा सुबरावला फार आवडली होती. तो लगेच निघाला. आई म्हणाली, "सर सांगतील तसंच कर. सोताचं डोकं चालवू नगंस."

"न्हाई चालवत," सुबराव म्हणाला. आणि शब्दाला जागला.

प्रशिक्षण केंद्रात साळोखे सर होते. पहिल्याच दिवशी सुबरावनं दह्याचे ताजे डबे गाडीत भरले आणि जुने आत ठेवले. जुन्या दह्याला असा वास सुटला, की शेजारचा शिवणाचा वर्ग बंद पडला.

"आधी जे आत आलं, ते आधी बाहेर काढायचं!" सर ओरडले.

"व्हय सर."

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांच्या आधी साळोखे सरच आले. सुबरावनं त्यांना उचललं, बाहेर उन्हात ठेवलं आणि दाराला आतून कडी लावली.

"अरे, माणसाला कुणी बाहेर काढतं का?" सर खिडकीतून ओरडले. "आलेल्याला बसवायचं, पाणी द्यायचं, पंखा लावायचा!"

"व्हय सर. आधी सांगायचं की."

दुपारी सिमेंटची पोती आली. सुबरावनं ती ओळीनं बसवली. एकेकाला पोटभर पाणी पाजलं. पंखा लावला. ती पोती अजून तिथंच बसली आहेत, उठायचं नाव घेत नाहीत.

सरांनी कपाळाला हात लावला. पुढं माठांची गाडी आली, तेव्हा त्यांनी सुबरावचा हातच धरला.

"हे बघ. दारात गाडी आली, की आधी एक नग घ्यायचा. टिचकी मारून ऐकायचं. खणखणीत वाजला तर माल उतरवायचा. बद्द वाजला तर अख्खी खेप आल्या गाडीनं परत. मग कुणी कितीही ओरडू दे, ऐकायचं नाही."

परीक्षेला नशिबानं माठच आले. सुबरावनं टिचकी मारली. बद्द वाजलं. गाडी परत गेली. सुबराव पास! सर्टिफिकेट देताना सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता परत येऊ नकोस हं," ते प्रेमानं म्हणाले.

सर्टिफिकेट बघून कारखान्यानं सुबरावला घेतलं आणि येसबांनी लग्न ठरवलं. लग्न सुबरावच्या दारात होतं. मांडव पडला, जेवणाचा वास सुटला. बँड वाजवत मुलीकडचं वऱ्हाड टेंपोतून आलं. आई भाकरतुकडा घेऊन पुढं झाली. तिच्या आधी सुबराव पोहोचला. त्यानं बँड थांबवला, कारण नीट ऐकू यायला पाहिजे.

सगळ्यांत पुढं येसबाच उतरले, गळाभेटीला हात पसरून. सुबरावनं त्यांचा फेटा काढला. टक्कल छान होतं. त्यानं टिचकी मारली, कान लावला. परत एक मारली.

बद्द.

त्यानं सासऱ्यांना उचलून टेंपोत ठेवलं आणि मागचा फाळका लावला. येसबा ओरडले. वऱ्हाड ओरडलं. सुबरावनं कुणाचं ऐकलं नाही. ड्रायव्हरला सर्टिफिकेट दाखवलं. त्यावरचा गोल शिक्का बघून ड्रायव्हरनं मुकाट गाडी वळवली.

आईनं हंबरडा फोडला. "आरं मुडद्या, नवरीला तरी उतरवून घ्यायचीस!"

"आसं कसं, आई?" सुबराव म्हणाला. "ती बी त्याच खेपंतली."