गिअरबॉक्स आजोबा आणि किटकिट्या क्रॉस

गाड्यांचे भाग आपसात गप्पा मारायचे, त्या काळातली ही गोष्ट. एका म्हाताऱ्या ट्रकच्या पोटाखाली, मागची चाकं फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यात, छोटा क्रॉस राहायचा. चढ लागला की तो किटकिट करायचा.

"गप्प रे!" गिअरबॉक्स आजोबा एके दिवशी खेकसले. "तुझ्यापायी मिस्त्री आपल्या सगळ्यांना खोलून ठेवेल. आज तो तपासायला येतोय. अगदी हूं की चूं करू नकोस."

हैदर मिस्त्रींनी भरलेला ट्रक घाटातून फिरवून आणला. क्रॉसने श्वास रोखून धरला होता. कुठूनच आवाज आला नाही.

"वीस वर्षांची गाडी, आणि एवढी शांत?" मिस्त्री म्हणाले. "आता मात्र मला भीती वाटायला लागली." त्यांनी पाना काढला.

क्रॉस नुसता कोरडा पडला होता. ग्रीस भरताच टुणटुणीत झाला. गिअरबॉक्समधलं तेल मात्र कधीच गळून गेलं होतं आणि आतलं बेअरिंग जळून काळं पडलं होतं.

"आजोबा, तुम्हाला दुखत नव्हतं?" क्रॉसने हळूच विचारलं.

"दुखत होतं रे. पण या वयात ओरडायचं कसं?"

"सोप्पं आहे," क्रॉस म्हणाला. "मी शिकवतो."