किंचाळणारा पट्टा

यंत्रं अजून आपापसांत बोलत होती, त्या काळची ही गोष्ट. जनार्दन तांडेलच्या पिकअपमधला इंजिनचा पट्टा झिजला होता, त्याला चिरा पडल्या होत्या. गाडी सुरू झाली की तो किंचाळायचा.

"गप्प राहा," शेजारची पुली कळवळून म्हणाली. "मालकाने ऐकलं तर तुला काढून टाकेल."

"गप्प राहिलो तर घाटात तुटेन. गाडीत त्याची लेकरं असतात," पट्टा म्हणाला आणि आणखी मोठ्याने किंचाळला.

रविवारी जनार्दनने अंगणातच बॉनेट उघडलं आणि जुना पट्टा काढून नवा चढवला.

"केवढी कटकट होती त्याची," तो बायकोला म्हणाला. "आता बघ, कशी शांत चालते."

लेकरं हसत गाडीत चढली. कुंपणाशी पडलेला पट्टा गाडी वळणाआड जाईपर्यंत त्यांचं हसणं ऐकत राहिला. पुली मात्र दिवसभर नव्या पट्ट्याशी एक शब्दही बोलली नाही.