सावरीचे झळकते धागे

तेरा मार्च, होळीचा दिवस. ऊन सकाळीच कडक, वारा अजिबात नव्हता.

रानात एकच सावर उरली होती. तिच्या शेंगा फुटल्या की येसूची आई मऊमऊ कापूस वेचून उशा भरायची. दोघींचं पोट त्यावरच चालायचं. पण गावची रीत अशी, की होळीला खांब सावरीचाच हवा. आज ती तुटणार होती.

येसू खोडाला बिलगून रडत बसली. तेवढ्यात एका लालचुटूक फुलाच्या पेल्यातून बोटभर उंचीची परी उतरली. इवलेसे पंख सोन्यासारखे लखलखत होते. तिने येसूच्या ओंजळीत चमचमती रांगोळी ओतली.

"या झाडाशी ज्याचं नातं, त्याला जोड. पण डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच हं. एक रेघ खोटी पडली, तर सगळी नक्षी विझेल."

येसूने खोडापाशी ठिपका दिला. मध पिणाऱ्या शिंजीर पक्ष्याला जोडणारी रेघ निळी झाली नि अलगद हवेत उठली. खारुटलीची तांबूस, वटवाघळाची जांभळी. झाडाभोवती धागेच धागे झळकू लागले.

कुऱ्हाडी घेऊन माणसं आली. पोरीने झाडाला कोळ्याचं जाळं लावलंय, म्हणून एकजण हसला. होळीचा मान ज्यांच्या घराण्याचा, ते धाकलू मानकरी मात्र धागे न्याहाळत पुढे आले.

"छान आहे, बाय. पण यात माझं घर कुठे आहे?"

येसूचा हात थांबला. मधमाश्या तिने इथे पाहिल्या होत्या, मानकऱ्यांचं घर ज्यावर चालायचं त्या काजूच्या मोहरावरही. पण इथली माशी तिकडे जाताना कधी पाहिली नव्हती. एक रेघ ओढली असती, तर कुऱ्हाड थांबली असती.

"ते मी पाहिलं नाही, आबा."

पहिला घाव बसला. सगळे धागे थरथरले. एक फूल खाली पडलं आणि त्यातून परागाने पिवळी झालेली माशी उडाली. येसू तिच्यामागे धावली. काट्यांतून, बांधावरून, मुठीतली रांगोळी सांडत. माशी काजूच्या मोहरावर टेकली, तशी मागे सावरीपर्यंत पिवळी रेघ उजळत गेली.

मानकरी धापा टाकत मागोमाग आले होते. त्यांनीही माशी पाहिली.

"थांबवा रे," त्यांनी हाक दिली.

परी येसूच्या खांद्यावर क्षणभर बसली, तिच्या गालाला हात लावला आणि उजेड होऊन विरली.

त्या वर्षी होळीला आंब्याची वाळकी फांदी उभी राहिली. मे महिन्यात येसूच्या आईने नऊ उशा भरल्या.