समुद्रात लोटलेला घोडा

शूर्पारक बंदरावर राजा ताम्रकेतूची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व घोड्यांच्या एका व्यापाऱ्याच्या घरी जन्माला आले. त्यांचे नाव सुरथ. पश्चिमेकडे दूर यवनांच्या देशात जाऊन ते घोडे घेत आणि गलबतातून दक्षिणेच्या पांड्य राजाला नेऊन विकत. नंदिसेन हा त्यांचा भागीदार.

एका खेपेला भर समुद्रात वारा पडला. गलबत दिवसचे दिवस एकाच जागी डुलत राहिले आणि रांजणांतले गोडे पाणी तळाला गेले. एक तांबडा घोडा आजारी पडला. त्याची तहान काही भागेना. अखेर वारा सुटला, पण नंदिसेनाच्या मनाला चैन नव्हते. हा तर मरणारच, मग याच्यापायी धडधाकट घोडे का गमवायचे? सुरथांचा डोळा लागलेला पाहून त्याने खलाशांना हाताशी धरले, कठड्याची फळी काढली आणि घोडा पाण्यात लोटला.

घोडा बुडाला नाही. तो गलबतामागून पोहू लागला. आपण चुकून पडलो, आता हे थांबतील, अशा भरवशाने तो खिंकाळला. नंदिसेनाने तोंड फिरवले. खिंकाळी पुन्हा आली.

त्या आवाजाने सुरथ जागे झाले. "शीड उतरवा!"

"वारा आत्ता कुठे मिळालाय, सुरथा," नंदिसेन म्हणाला. "थांबलो तर बाजार हातचा जाईल. आणि याला पाणी कुठून आणायचं?"

"माझ्या वाट्याचं द्या. तो आपल्याच मागे येतोय, नंदिसेना. इथे त्याला दुसरं कोण आहे?"

पोटाखाली पट्टे घालून खलाशांनी घोडा वर ओढला. थरथरत तो उभा राहिला आणि ओळखीचा वास येताच त्याने नंदिसेनाच्याच तळहातात नाक खुपसले. तो हात कुठे लपवावा, हे नंदिसेनाला कळेना. सुरथ रागाने एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते, असे त्याला वाटले. पुढे तहानेने सुरथांचे ओठ फुटले, तेव्हा तो त्यांच्याकडे पाठ करून जेवू लागला.

ते पोहोचले तोवर पांड्य राजाची बहुतेक खरेदी आटोपली होती. तरी घोडे पारखणारा त्याचा अश्वाध्यक्ष धक्क्यावर आला.

"हा तांबडा इतका खंगला कसा?" त्याने विचारले.

खलाशी गप्प राहिले. सुरथही गप्प राहिले. समुद्र बाधला, एवढे म्हटले असते तरी भागले असते.

"मी याला जिवंत समुद्रात लोटलं होतं," नंदिसेन म्हणाला. "सुरथाने वर काढलं."

भर धक्क्यावर माणसे त्याच्याकडे पाहत राहिली. "असल्या माणसाकडून राजा घोडे घेणार नाही," असे म्हणून अश्वाध्यक्ष निघून गेला. नंदिसेनाची मान वर होईना. तेव्हा सुरथ पुढे झाले आणि सर्वांदेखत त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा विहाराच्या दाराशी अडखळलेल्या एका भिक्षूला सांगितली. पावसाळ्यातल्या वर्षावासाला वेळेत पोहोचावे म्हणून त्याने आजारी सोबत्याला वाटेत सोडले होते, आणि आता लाजेने त्याचे पाऊल आत पडत नव्हते.

"तेव्हाचा नंदिसेन तू होतास," शास्ते म्हणाले. "तो घोडा म्हणजे तुझा हाच सोबती, आणि सुरथ मी होतो. ही लाज दडवू नकोस. तिलाच ह्री म्हणतात. तिच्याच बळावर तू तेव्हा खरे बोललास."

भिक्षूने वंदन केले, पात्र उचलले आणि तो आल्या वाटेने परत निघाला.